राजधानी बदलली, सेवा राहिली

१ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतांच्या सीमा बदलल्या. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. बैतूल व छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशातच राहिले. सरकारी कामासाठी नागपूरला जाणाऱ्या तेथील लोकांना आता भोपाळची वाट धरावी लागली. मुलताई-सौंसरकडची मराठी घरेही त्यांतच आली.

याच मुलखात लुथरन बांधवांची मंडळी आहे. १८७७ साली स्वीडनचे मिशनरी येथे आले. १९२३ साली मंडळी स्वायत्त झाली. साहाय्य परदेशातून येत राहिले, परंतु घराची जबाबदारी घरच्यांनी उचलावयाची, हा धडा तिने राजधानी बदलण्याच्या कितीतरी आधी गिरविला होता. म्हणूनच १९५८ साली, भोपाळ-नागपूर रस्त्यावरील पाढर गावी, तिचे रुग्णालय सुरू झाले. भोवतालची वस्ती बहुतांशी गोंड व कोरकू लोकांची. रोग्याची जात वा धर्म पाहून सेवा होत नसते, हे तेथे कृतीने शिकविले जाते.

लुथरन व कॅथलिक यांच्यांत शतकानुशतके दुरावा होता. ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी स्वीडनमधील लुंड येथे पोप फ्रान्सिस व लुथरन पुढारी एकत्र प्रार्थनेस बसले. त्याच दिवशी जवळच्या माल्मो शहरी कारितास व जागतिक लुथरन संघ यांनी दुःखितांसाठी मिळून झटण्याचे ठरविले.

वाचकहो, राज्ये व राजधान्या बदलतात. आपल्या गावचा रोगी मात्र दाराशीच असतो. त्याच्यासाठी आपण कोणाची वाट पाहत आहोत?