न दुखणारा रक्तदाब

उसाची गाडी नुसती बघून कोणी टनेज सांगत नाही. काट्यावर घ्यावीच लागते. रक्तदाबाचंही तसंच. "मला काय धाड भरलीय!" म्हणणाऱ्या धडधाकट गड्याचाही रक्तदाब वाढलेला असू शकतो, कारण बहुतेकांचं ना डोकं दुखतं, ना चक्कर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले, की हा विकार असलेल्या जगातील प्रौढांपैकी ४६ टक्के लोकांना त्याचा पत्ताच नाही. मग पत्ता लागतो तो एकदम अर्धांगवायूने नाहीतर हृदयविकाराने.

वय आणि घराण्यातला वारसा आपल्या हातात नाही. मीठ, तंबाखू, दारू, वाढलेलं वजन मात्र आहे. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा, कमी हवे; त्यातच लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं. (सैंधव हेही मीठच!)

मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, आणि पाच मिनिटे शांत बसावे. निरनिराळ्या दिवशी वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त आला, तर डॉक्टरांना गाठावे. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. तिशीपुढच्या स्त्री-पुरुषांची ही तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.