पुन्हा धावायला लागताना: नवव्या अंतरायाविषयी

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ थांबले होते. पन्नाशीच्या आसपासचे. म्हणाले, "सर, आठ वर्षं नियमित धावत होतो. तीन वर्षं झाली, बंद आहे. बूट रोज समोर दिसतात, पण इच्छाच होत नाही. तत्त्वज्ञानात याला काही उत्तर आहे का?" आम्ही म्हटलं, पुढच्या वेळी बोलू. खरं म्हणजे तेव्हा आम्ही उत्तर टाळलं, कारण प्रश्न आमचाही होता.

"इच्छा होत नाही" हे वाक्य जरा तपासून बघू. त्यात एक गृहीत आहे: आधी इच्छा, मग कृती. पण सकाळी दात घासायला आपण इच्छेची वाट बघतो का? विल्यम जेम्स यांनी १८८४ साली एका निबंधात हा क्रमच उलटा केला. अस्वल दिसलं, भीती वाटली, म्हणून आपण पळालो, असं आपण धरून चालतो. जेम्स म्हणतात, शरीर आधी हलतं, छाती धडधडते, आणि त्या बदलांची जाणीव म्हणजेच भीती. या सिद्धान्तावर पुढे बरीच टीका झाली, तिच्यात आज शिरत नाही. आपल्यापुरतं एवढं घेऊ की धावण्याची गोडी धावताना लागते, पलंगावर बसून नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे आम्हाला ठाऊकच होतं, तरी पाय उचलत नाही! इथे आम्हाला पतंजली जास्त उपयोगी वाटतात. योगसूत्रांच्या पहिल्या पादात नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितले आहेत. व्याधी, संशय, आलस्य वगैरे. आपण चटकन आलस्यावर बोट ठेवतो. पण शेवटचे दोन बघा. आठवा अलब्धभूमिकत्व: जिथे पोचायचं तिथे पोचताच न येणं. नववा अनवस्थितत्व: पोचलो, पण टिकलो नाही. सूत्रं समाधीविषयी आहेत, धावण्याविषयी नाहीत, हे मान्य. तरी भेद इथे नेमका लागू पडतो. नवशिक्याला धाप लागली तर तो हसतो. परतलेल्याला धाप लागली की लाज वाटते, कारण त्याच्या शेजारून त्याचाच जुना अवतार पुढे निघून जात असतो.

आमचंच सांगतो. लॉ कॉलेजच्या मागच्या टेकडीवर एका मित्राबरोबर आम्ही वीस वर्षं धावलो. मार्च २०२० मध्ये ते थांबलं. पुढच्या वर्षी मित्र गेला. टेकडी खुली झाली तरी आम्ही गेलो नाही, गुडघ्याचं कारण सांगत राहिलो. गुडघा ठणठणीत होता. शेवटी एकदा गेलो, ते जुन्याच वेगाने. दहाव्या मिनिटाला पोटरी धरली. घरी रिक्षाने आलो. (हशा) त्यानंतर दोन वर्षं पुन्हा नाव काढलं नाही.

यात शरीराचाही एक हिशेब आहे. खंड पडल्यावर दम काही आठवड्यांतच कमी होऊ लागतो. पुन्हा सुरू केलं की हृदय-फुप्फुसं तुलनेने लवकर सावरतात. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, बरेच सावकाश. म्हणजे दम म्हणतो "चल" आणि घोटा म्हणतो "थांब". जुना वेग आठवणारा माणूस दमाचंच ऐकतो.

अभ्यास दृढ होण्यासाठी पतंजली तीन गोष्टी सांगतात: दीर्घकाल, नैरंतर्य आणि सत्कार. नैरंतर्य तर आपलं तुटलंच आहे. दीर्घकाल आमच्या वयात कोण कबूल करणार? उरला सत्कार, म्हणजे जे करतो त्याविषयी आदर. तोच आमच्याकडे नव्हता. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. याला आम्ही "हे काय धावणं झालं?" म्हणत होतो. वीस वर्षं धावलेला माणूस चोवीस मिनिटांच्या त्या फेरीचा अपमान करत होता आणि वर विचारत होता, इच्छा का होत नाही?

गेल्या जूनपासून, डॉक्टरांना विचारून, आठवड्यातून तीन दिवस तेवढंच करतो. घड्याळ घरी ठेवतो. टेकडीच्या पहिल्या वळणावर एक दगड आहे, तिथे मित्र थांबून बुटाची नाडी बांधायचा. सध्या आमची मजल त्या दगडापर्यंत आहे.

ते गृहस्थ आज आले असतील तर पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.