कर्जाचे दुखणे एकट्याने काढू नये

पेशंटची नाडी बघताना दोन प्रश्न विचारायची माझी जुनी सवय आहे. झोप लागते का, आणि जेवण जाते का. गेल्या काही वर्षांत त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. हप्ता किती आहे? हा प्रश्न ऐकला की पेशंट आधी दचकतो, मग दाराकडे बघतो, बाहेर बाकावर ओळखीचे कोणी नाही ना याची खात्री करतो आणि हळूच आकडा सांगतो. हा आकडा घरात फार तर एखाद्याला माहीत असतो. ज्याच्या घरात दुसरे माणूसच नाही, त्याचा आकडा कोणालाच माहीत नसतो.

आज लिहायचे आहे ते या एकट्या माणसाच्या कर्जाबद्दल. 'एकटा जीव सदाशिव' असे आपण सहज म्हणून जातो. मागे ना पुढे कोणी, त्याला खर्च तो काय! पण भोकरसारख्या तालुक्याच्या गावी एकटे कोण राहते ते बघा. नवरा वारलेली बाई, नवऱ्याने टाकलेली बाई, आईबापांचे आजारपण काढता काढता लग्नाचे वय निघून गेलेला मुलगा, मुले पुण्या-हैदराबादेला गेलेले म्हातारे. माणूस एकटा आहे म्हणून घरभाडे निम्मे होत नाही की लाईटचे बिल कमी येत नाही. कमावणारा एकच, आणि तोच तापाने आठ दिवस पडला की आवक बंद. हप्त्याची तारीख मात्र कोणाच्या तापासाठी थांबत नाही.

असे पेशंट कर्जाची तक्रार घेऊन येत नाहीत. ते सांगतात, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. छातीत धडधडते, मान आणि खांदे धरतात, पित्त उसळते, हातापायाला मुंग्या येतात. कार्डिओग्राम काढावा तर बऱ्याचदा तो चांगला येतो. (तरीही छातीत दुखत असेल तर आधी कार्डिओग्रामच काढावा. 'टेन्शनचे असेल' असे घरच्या घरी ठरवून कोणी बसू नये.) संकट दिसले की शरीर ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडते, त्याने नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, साखर चढते. वाघ समोर आला तर पळायला याचा उपयोग होतो. पण शरीराला वाघ आणि वसुलीवाला यांतला फरक कळत नाही. वाघ निघून जातो, वसुलीवाला दर आठवड्याला येतो, आणि ती द्रव्येही दर आठवड्याला रक्तात उतरत राहतात.

त्याहून मोठे नुकसान दुसऱ्याच वाटेने होते. हप्ता चुकवता येत नाही म्हणून माणूस गोळी चुकवतो. रक्तदाबाची गोळी दिवसाआड, मधुमेहाची रात्रीची गोळी बंद, चष्म्याचा नंबर पुढच्या वर्षी. दोन वर्षांनी त्याच माणसाला झटका येतो आणि तेव्हा जे कर्ज काढावे लागते ते पहिल्याच्या दसपट असते. खरे तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. रक्तदाबाच्या गोळीसाठी ग्रामीण रुग्णालयात जायला लाज कसली?

कर्जात माणसाची बुद्धी फिरते असे जुने लोक म्हणत. त्यात तथ्य आहे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली, एकदा ऊस तोडणीच्या आधी हात तंगीत असताना आणि एकदा पैसा हाती आल्यावर. तीच माणसे, पण तंगीच्या दिवसांत त्यांचे गुण कमी पडले. पैशाच्या काळजीने डोके इतके भरलेले असते की बाकीच्या विचाराला जागा उरत नाही. म्हणूनच शहाणी माणसे एक कर्ज फेडायला दुसरे काढतात, तेही महाग व्याजाचे. संसारात निदान दुसरे डोके असते, 'अहो, हे नका करू' म्हणायला. एकट्याकडे एकच डोके, आणि तेही काळजीने भरलेले. त्याला दुसऱ्याच्या डोक्याची गरज पैशाइतकीच असते.

माझ्या पेशंटपैकी तीन बायकांनी ही गरज आपसांत भागवली, ती हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. एक शिलाईकाम करते, नवरा वारलेला. दुसरी शाळेत खिचडी शिजवते, नवऱ्याने टाकलेली, दहावीपर्यंत शिकलेली. तिसरी भाजी विकते, साठीची, सगळ्या तिला मावशी म्हणतात. एक दिवस शिलाईवाली बाकावरून उठून म्हणाली, "साहेब, मला आधी बघा, अकराला हप्त्याची मीटिंग आहे." तशी मावशी म्हणाली, "मला बी तिथंच जायचंय की." दोघी एकाच गल्लीच्या, पण एकीचे कर्ज दुसरीला ठाऊक नव्हते. खिचडीवाली नंतर त्यांच्यात आली.

त्यांनी एक शंभर पानी वही घेतली. दर आठवड्याला बाजार उठल्यावर मावशीच्या घरी बसायचे आणि प्रत्येकीने आपले लिहून घ्यायचे. कोणाचे घेतले, किती घेतले, व्याज काय, आजवर फेडले किती. शिलाईवालीने गहाण ठेवलेल्या सोन्याची गोष्ट पहिल्या दोन बैठकांत दडवली, तिसऱ्या वेळी रडत सांगितली. पहिल्या दिवशी खरा आकडा कोणीच लिहीत नाही, हे त्यातून मीही शिकलो.

त्यांचे नियम मावशीने घातले, आणि मला ते फार शहाणपणाचे वाटतात. एकमेकींना पैसे उसने द्यायचे नाहीत. एकमेकींना जामीन राहायचे नाही. "पैसा मधी आला की सख्खी भैनबी तोंड फिरवती," असे तिचे म्हणणे. मग करायचे काय? वसुलीवाला यायच्या वेळी दुसरीने शेजारी येऊन बसायचे, नुसते बसायचे. बँकेत जाताना सोबत जायचे. कागद खिचडीवालीने वाचून दाखवायचा. नवे कर्ज घ्यायचे मनात आले तर आधी दोघींना सांगायचे आणि दोन रात्री थांबायचे. तेलाचा डबा तिघींत घ्यायचा. संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून तीनदा एकत्र, कारण एकटीच्या भाकरीलाही चूल तेवढीच पेटवावी लागते. आणि गोळी घेतली का, हे एकमेकींना विचारायचे.

मावशीच्या वहीतला हिशेब तर डोळे उघडणारा निघाला. तिने तीस हजार रुपये शेकडा पाच रुपये महिना व्याजाने घेतले होते. महिन्याला दीड हजार. वीस महिन्यांत तीस हजार व्याजात गेले आणि मुद्दल तीस हजार जागच्या जागी. ती आणखी वर्षभर व्याज भरत राहिली होती, कारण बेरीज कधी मांडलीच नव्हती.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ काय सांगतो ते इथे लिहून ठेवतो. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चक्रवाढ व्याज लावता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. हाच आपला जुना दामदुपटीचा नियम. त्या वर्षी ठरवून दिलेले परवानाधारक सावकाराचे जास्तीत जास्त व्याज शेतकऱ्याला वर्षाला तारणावर ९ टक्के, विनातारण १२ टक्के, आणि इतरांना १५ व १८ टक्के होते. शेकडा पाच महिना म्हणजे वर्षाला ६० टक्के! तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. या तिघी कायद्याचे बोलायला एकत्र गेल्या, तेव्हा देणेकऱ्याने व्याज थांबवले आणि राहिलेल्यात तडजोड केली. मावशी एकटी गेली असती तर तिला दारातूनच परत लावले असते.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर, यात नवीन काय, गावोगाव बचत गट आहेत की. आहेत, आणि चांगले आहेत. १९७५ साली मुंबईच्या गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कचाट्यात होत्या. एकेकटीला बँक उभी करत नव्हती, गट केल्यावर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळाले. आपल्याकडे किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातही बायकांचे बचत गट उभे राहिले. आपल्या बचतीतून आपसांत कर्ज देणारा, दर बैठकीला वही उघडी ठेवणारा गट एकट्या बाईला मोठा आधार असतो.

पण फायनान्स कंपनीचा गट ही वेगळी गोष्ट आहे, आणि पुष्कळ बाया दोन्हींना 'गट'च म्हणतात. तिथे एकीने हप्ता चुकवला की बाकीच्यांनी भरायचा. कालपर्यंत जी शेजारीण साखर मागायला यायची, तीच आज वसुलीवाल्याच्या आधी दारात उभी राहते. माझ्याकडे धडधड घेऊन येणाऱ्या कित्येक बायकांना भीती साहेबाची नसते, शेजारणीच्या तोंडाची असते. आपल्या शेजारी, सीमेपलीकडे तेव्हाच्या आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्यावर ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला होता.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सूक्ष्मकर्जाचे नियम केले, तेही या वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास चालणार नाही. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. खिचडीवाली इतर कामे धरून महिन्याला सहा हजार मिळवायची आणि तिचे तीन ठिकाणचे हप्ते मिळून बेचाळीसशे होते. तिला कर्ज दिले कसे, हा प्रश्न तिनेच तिथल्या साहेबाला विचारला, दोघी शेजारी बसलेल्या असताना. उत्तर काही मिळाले नाही, पण उरलेल्या कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी झाला.

पुरुषांचे अवघड आहे. ते पारावर तासन्‌तास बसतील, राजकारण बोलतील, पण आकडा सांगणार नाहीत. कापडाच्या दुकानात काम करणारा, एकटा राहणारा एक तरुण पोटदुखी घेऊन सहा वेळा आला. सातव्या वेळी मोबाईल पुढे केला. ॲपवरून घेतलेली चार कर्जे, आणि फोनमधल्या सगळ्या नंबरांना बदनामीचे मेसेज पाठवू अशी धमकी. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून कर्जाच्या ॲपला फोनमधली नावे-नंबर बघायला मनाई केली आहे. अशा धमकीची तक्रार पोलिसांकडे आणि १९३० या सायबर क्रमांकावर करावी. त्याला मी एवढेच म्हणालो, एका माणसाचे नाव सांग ज्याला हे सांगता येईल. त्याने चहाच्या टपरीवाल्याचे नाव घेतले. टपरीवाला त्याच्यासोबत ठाण्यात गेला. पुढे कळले की टपरीवाल्यावरही कर्ज आहे, आणि आता दोघे रविवारी दुकान बंद झाल्यावर हिशेब मांडतात. अमेरिकेत १९७६ पासून कर्जबाजारी लोकांच्या अशा बैठका चालतात. आडनाव कोणी सांगत नाही, कर्ज मात्र सांगतात. आपल्या गावात आडनाव सगळ्यांना ठाऊक, म्हणून माणसे दोन-तीनच असावीत आणि ऐकलेले घरी नेऊ नये.

या तिघींचे सगळे सुरळीत झाले असे समजू नका. शिलाईवालीचे एक कर्ज चौदा महिन्यांत फिटले, सोने अजून गहाणच आहे. खिचडीवालीने मध्येच न सांगता भावाच्या लग्नासाठी पैसे उचलले, महिनाभर बैठकीला आली नाही, मग मावशीने जाऊन आणले. मावशीचा रक्तदाब १७० वर १०० असायचा, आता १४० च्या आसपास असतो. मी औषध बदललेले नाही. तीच गोळी आता रोज पोटात जाते, आणि मावशी रात्री झोपते. आमचा कंपाउंडर म्हणतो, साहेब, अशाने आपले गिऱ्हाईक कमी होईल. होऊ दे.

सोबत बसणाऱ्यांनी एका गोष्टीवर डोळा ठेवावा. कर्जातला माणूस 'मी नसतो तर बरे झाले असते' असे बोलू लागला, एकाएकी निरवानिरव करू लागला, आवडीची वस्तू वाटू लागला, किंवा फार दिवसांच्या उलघालीनंतर अचानक शांत झाला, तर त्याला सरळ विचारावे, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का? विचारल्याने असा विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटे ठेवू नये, फवारणीची औषधे घरातून हलवावीत, आणि १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन लावून द्यावा. तिथे मराठीत बोलता येते. दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा ओळखीच्या डॉक्टरकडे सोबत न्यावे. उदासपणाच्या आजाराला औषध आहे, आणि ते झोपेच्या गोळीहून वेगळे असते. मेडिकलमधून मागून आणलेली झोपेची गोळी चालू करू नये.

आणि ठरलेल्या दिवशी सोबती बैठकीला आला नाही, फोनही उचलत नाही, तर सकाळची वाट न बघता त्याच संध्याकाळी त्याच्या दाराची कडी वाजवावी.