जाहिराती कमी, गल्ला जास्त

पुरणपोळीची कृती हवी म्हणून मोबाइल उघडावा, तर वर कर्जाची जाहिरात, मध्ये आपोआप वाजू लागणारा व्हिडिओ आणि तळाला चिकटून बसलेली पट्टी. ‘साहित्य’ या शब्दावर बोट टेकवायला जावं, तेवढ्यात मजकूर खाली सरकतो आणि बोट पडतं म्युच्युअल फंडावर. संकेतस्थळाचा मालक खूश: क्लिक मिळाली! वाचणारी व्यक्ती मात्र वैतागून केव्हाच दुसऱ्या पानावर गेलेली असते.

जाहिरातींची गर्दी केली की उत्पन्न वाढतं, हा समज काही जाता जात नाही. प्रत्यक्षात पान उघडताना, सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागात, त्यातल्या प्रत्येक जागेचा लिलाव होतो. बोली लावणारी संगणकयंत्रणा पाहते की वाचक कुठला आहे, मजकूर कशाबद्दल आहे आणि ही जागा आजवर कितीदा खरोखर नजरेस पडली. उद्योगाचा निकष असा, की जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर दिसला तरच ती ‘दिसली’. तळाशी, जिथवर कुणी पोहोचतच नाही, तिथे टाकलेल्या चौकोनाचा भाव म्हणून पडतो. अशा दोन-तीन जागा काढून टाकल्या, उरलेल्या वाचक जवळ आल्यावरच लोड होऊ दिल्या आणि त्यांची उंची आधीच राखून ठेवली, तर मजकूर उड्या मारत नाही आणि दरही सुधारतो. क्रोम ब्राउझरने तर फेब्रुवारी २०१८ पासून जाहिरातींबाबतचे नियम मोडणाऱ्या संकेतस्थळांवरच्या जाहिराती अडवायला सुरुवात केली. मोबाइलच्या पानावर मजकुराच्या उंचीपैकी ३० टक्क्यांहून जास्त जागा जाहिरातींनी खाल्ली, तर तेही नियमभंगातच मोडतं.

दुसरा मुद्दा गिऱ्हाइकांचा. पूर्वी एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याला विचारायचं, अशी रांग असे. २०१५च्या सुमारास ‘हेडर बिडिंग’ रुळू लागलं आणि सगळे एकाच वेळी बोली लावू लागले. अर्थात प्रत्येक नव्या बोलीदारामागे पान थोडं जड होतं, हेही खरं.

भाषेचा आणि भूगोलाचाही भाव असतो. संकेतस्थळांवर जाहिराती लावणाऱ्या गूगलच्या ॲडसेन्स सेवेने हिंदीला २०१४ मध्ये दार उघडलं. मराठीला थांबावं लागलं ते २०१८ पर्यंत. आजही तोच मराठी लेख न्यू जर्सीत वाचला गेला तर नांदेडपेक्षा सहसा जास्त दर मिळतो, कारण तिथल्या ग्राहकासाठी जाहिरातदार जास्त मोजतो.

खरी गळती मात्र मधल्या दलालीत आहे. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने २०१६ मध्ये स्वतःच्याच संकेतस्थळावरच्या जाहिरातींच्या जागा ग्राहक बनून विकत घेऊन पाहिल्या. काही व्यवहारांत पौंडातले अवघे ३० पेन्स त्यांच्या पदरात पडले. बाकीचे मधल्या कंपन्यांच्या खिशात!

नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेसाठी जाहिराती विकणाऱ्या ‘स्टर’ने यावर धाडसी उपाय केला. वाचकाचा माग काढणाऱ्या कुकी तिने २०२० च्या सुरुवातीला पूर्ण बंद केल्या आणि फक्त मजकुराचा विषय पाहून जाहिराती लावल्या. स्वयंपाकाच्या पानावर भांड्यांची, इतका साधा मामला. डिजिटल उत्पन्न आदल्या वर्षाच्या तुलनेत जानेवारीत ६२ टक्क्यांनी आणि फेब्रुवारीत ७९ टक्क्यांनी वाढलं. मधले दलाल गळाले होते.

छोट्या मराठी संकेतस्थळांना एवढी यंत्रणा उभारणं जमणार नाही, पण विषय पाहून थेट विक्री नक्की जमेल. दिवाळीआधी गावातल्या सराफाला, मिठाईवाल्याला, क्लासवाल्यांना वाचकसंख्या दाखवून महिन्याच्या भावाने जागा द्यावी. उरलेली ॲडसेन्सवर सोडावी. त्याआधी मालकांनी आपलं पान एकदा स्वस्तातल्या मोबाइलवर उघडून शेवटपर्यंत वाचावं. तेवढं करताना स्वतःच्या जाहिरातीवर बोट पडू देऊ नये. अशा क्लिकांवरून ॲडसेन्सचं खातं बंद होऊ शकतं.