दीडशेच्या आत

मुंबईतील पवईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापकांना पडद्यावरून प्रश्न विचारताना विचारणारा व उत्तर देणारा दोघेही एकदमच बोलू लागतात, दोघेही एकदमच थांबतात, आणि मग संकोचाने कोणीच बोलत नाही, असे सांगलीतील एका अध्यापक-स्नेह्याने बोलण्याच्या ओघात सांगितले होते. चित्र लख्ख दिसत असता संभाषणच असे का अडखळावे, हा प्रश्न मनातून जाईना. म्हणून त्यांच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दालनात एके दिवशी जाऊन बसलो.

देशभरच्या शिक्षकांना आपापल्या गावानजीकच प्रशिक्षण मिळावे अशी तजवीज मुंबईच्या आय.आय.टी.ने प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने केली होती, तो हा काळ. अमृता विद्यापीठाने सिद्ध केलेल्या ‘ए-व्ह्यू’ प्रणालीतून व्याख्यान केंद्रोकेंद्री पोहोचे. विद्यापीठे व संशोधनसंस्था गिगाबिट वेगाने जोडणाऱ्या नॅशनल नॉलेज नेटवर्कला केंद्र सरकारने मार्च 2010 मध्ये मंजुरी दिली होती, आणि त्यापायी 5,990 कोटी रुपयांची तरतूद झाली होती.

व्याख्यान उत्तमच होते. परंतु माझे लक्ष वारंवार मागच्या काचेच्या खोलीकडे जाई. तापलेल्या तारांचा आणि धुळीचा वास कोंडलेल्या त्या खोलीत प्रयोगशाळा-सहायक हेडफोन एकाच कानावर ठेवून, दुसरा कान सभागृहाकडे मोकळा सोडून बसले होते. प्रश्नकर्त्याचे शेवटचे अक्षर उच्चारले जाताच त्यांचे बोट माइकची पट्टी खाली ओढी. कारण क्षणभर विलंब झाला तरी पवईचा आवाज आमच्या ध्वनिक्षेपकातून माइकमध्ये शिरे आणि प्रतिध्वनी होऊन बोलणाऱ्याच्याच कानी परते.

“सर, चित्र एखाद्‌वेळी फाटलं तरी लोक सांभाळून घेतात,” ते म्हणाले, “पण बोलणं दीडशेच्या आत पोचलं पाहिजे बघा.”

दीडशे म्हणजे 150 मिलिसेकंद. एका बाजूचा शब्द दुसरीकडे पोहोचण्यास शक्यतो याहून अधिक अवधी लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो, तेव्हा सांगली ते मुंबई हे अंतर कापण्यास त्याला 2 मिलिसेकंदांच्या आसपास पुरतात. मग उरलेला वेळ जातो कोठे?

त्याचा हिशेब त्या सहायकांनी कागदावर मांडून दाखविला. 1920 गुणिले 1080 बिंदूंचे उच्च दर्जाचे चलच्चित्र जसेच्या तसे पाठवायचे, तर सेकंदाला सुमारे दीड गिगाबिट लागतात. म्हणजे 1 गिगाबिटच्या वाहिनीत असे एक चलच्चित्रही मावत नाही. सबब मागच्या चौकटीहून पुढच्या चौकटीत जेवढे बदलले तेवढेच बव्हंशी पाठवून तो भार काही मेगाबिटांवर आणतात. हे आवळणे, उलगडणे आणि उशिरा येणाऱ्या तुकड्यांसाठी खोळंबणे यांतच वेळ खर्ची पडतो. वाहिनीच्या रुंदीची काटकसर विलंबाच्या रूपाने वसूल होते.

तेवढ्यात साताऱ्याच्या केंद्रातून एक अध्यापिका प्रश्न विचारू लागल्या. उत्तर येत नाहीसे पाहून त्यांनी प्रश्न पुन्हा आरंभिला, आणि नेमके त्याच क्षणी पवईहून उत्तर आले. दोघेही थांबली. “गेलं दीडशेच्या बाहेर,” सहायक पुटपुटले. त्या स्वरात जी हळहळ होती तिने या कामाविषयीचा माझा आदर दुणावला.

विलंबाचा हाच प्रश्न संगीतापुरता सोडविताना इटलीतील त्रिएस्तेच्या संगीत-विद्यालयाने तेथील संशोधन-जाळ्याच्या साहाय्याने ‘लोला’ नावाची प्रणाली घडविली आणि 2010 मध्ये त्रिएस्ते व पॅरिस येथील वादकांना एकत्र वाजविते केले. चित्र न आवळताच पाठविण्याचा खर्च त्यांनी पत्करला, कारण सहवादनाला 30 मिलिसेकंदांच्या आसपासचाच विलंब सोसतो. हे वाचल्यावर मला मिरज आठवली. जेथे अब्दुल करीम खाँसाहेबांनी वास्तव्य केले, जेथील तंबोरे देशभर वाजतात, तेथील शिष्याला मुंबईच्या तबल्याच्या ठेक्यावर गाता यावे, यासाठी रुंद वाहिनी हवी, आणि वेळ वाचविण्याची दृष्टीही हवी.

आपल्या दप्तरी मात्र जोडणी किती गिगाबिटची आणि केंद्रे किती, एवढीच नोंद ठळकपणे होते. शब्द किती वेळात पोहोचला हेही तिच्याशेजारी लिहिले जावे. आणि हा वेळ जे रोज कानांनी मोजतात, त्या सहायकांचे पद हंगामी न राहता मंजूर आस्थापनेवर यावे. यंत्रसामग्रीवर कोट्यवधी वेचून तिचे कान मात्र मुदतीच्या करारावर ठेवणे, हा हिशेब मला मान्य नाही.