मोजावे कोणाला?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची मूळ राज्यघटना वॉशिंग्टन शहरातील राष्ट्रीय दप्तरखान्यात काचेआड जतन करून ठेवलेली आहे. तिच्या पहिल्या चर्मपत्राच्या पंधराव्या ओळीत एका शब्दाखाली खाडाखोड आहे. पेनसिल्व्हानियाच्या विधिमंडळाचा साहाय्यक कारकून जेकब शॅलस याने तीस डॉलरांच्या मेहनतान्यावर चार मोठी चर्मपत्रे सुवाच्य अक्षरात उतरवून काढली होती. परंतु सह्यांच्या दिवशीच, म्हणजे १७ सप्टेंबर १७८७ रोजी, किती वस्तीमागे एक लोकप्रतिनिधी असावा याचा आकडा चाळीस हजारांवरून तीस हजारांवर आणावा अशी सूचना नॅथॅनिएल गोरॅम यांनी मांडली, आणि सबंध उन्हाळाभर फिलाडेल्फियाच्या घटनापरिषदेच्या अध्यक्षस्थानी बसून वादात जवळजवळ मौन पाळलेले जॉर्ज वॉशिंग्टन तिला पाठिंबा देण्याकरिता उठले. त्यांनी शब्द टाकल्यावर विरोध कोण करणार? ‘चाळीस’ खरवडून तेथे ‘तीस’ लिहिले गेले, आणि कारकुनी इमानास जागून त्या खाडाखोडीची नोंदही सह्यांशेजारी करण्यात आली.

त्या उन्हाळ्याच्या कथांमध्ये फ्रँकलिनसाहेबांनी अध्यक्षांच्या खुर्चीवरील सूर्य उगवता की मावळता याविषयी काढलेल्या उद्गारांची कथा पुष्कळ उगाळली गेली आहे. मला मात्र ही खाडाखोड अधिक बोलकी वाटते. कारण स्वातंत्र्य, समता, जनतेचे सार्वभौमत्व हे शब्द कितीही उच्चारले गेले असले, तरी त्या चार महिन्यांत सर्वांत अधिक कटुता ज्या प्रश्नाने माजविली तो दिसावयास अगदी हिशेबी होता: मोजावे कोणाला, आणि किती म्हणून?

ब्रिटिशांशी लढत असतानाच तेरा संस्थानांनी आपसात एक करारनामा केला होता व तो १७८१ साली अमलात आला. त्यात संस्थान लहान असो वा मोठे, मध्यवर्ती काँग्रेसमध्ये प्रत्येकाचे मत एकच. डेलावेअरच्या दहापटीहून अधिक वस्ती असलेल्या व्हर्जिनियाचेही एक आणि डेलावेअरचेही एक. काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता; तिने संस्थानांकडे मागणीपत्रे धाडावयाची आणि वसुलीची वाट पाहत बसावयाचे. आयात मालावर शेकडा पाच जकात बसविण्याची योजना निघाली, ती १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने बारगळली, कारण करारनाम्यात फेरफार करावयाचा तर तेराही संस्थानांची संमती लागे. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर आणि कर्ज यांखाली पिचलेल्या शेतकऱ्यांनी न्यायकचेऱ्या बंद पाडल्या, आणि जानेवारी १७८७ मध्ये डॅनियल शेज या माजी सैनिकी अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तेव्हा काँग्रेसच्या हाती ना खजिना होता ना फौज. बंड मोडण्याकरिता बॉस्टनच्या व्यापाऱ्यांना वर्गणी काढून सैन्य उभे करावे लागले. ज्यांच्याजवळ मालमत्ता होती त्यांची झोप या बंडाने उडविली, आणि फिलाडेल्फियाच्या परिषदेस जी निकड आली ती पुष्कळशी तेथून आली.

परिषदेचे कामकाज २५ मे रोजी सुरू झाले. ऱ्होड आयलंडने कोणी धाडलाच नाही. उरलेल्या बारा संस्थानांतून पंचावन्न गृहस्थ कमी-अधिक दिवस येऊन गेले. करारनाम्यात दुरुस्त्या सुचविणे एवढाच मुखत्यारपणा त्यांना मिळालेला होता. परंतु बैठका गुप्त ठेवण्याचा ठराव करून त्यांनी दारे लावून घेतली, आणि चार दिवसांत व्हर्जिनियाचे एडमंड रँडॉल्फ यांनी जी योजना वाचून दाखविली तिच्यात जुन्या करारनाम्याचे नावापलीकडे फारसे काही उरले नव्हते. ही योजना मुख्यतः छत्तीस वर्षांच्या जेम्स मॅडिसन यांच्या अभ्यासातून निघाली होती. हे गृहस्थ रोज पुढच्या बाजूस बसून प्रत्येकाचे बोलणे टिपून घेत, आणि ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८४० साली प्रसिद्ध झाली म्हणूनच त्या बंद दारांआड काय चालले होते हे आपणांस कळते.

व्हर्जिनियाची मागणी अशी की विधिमंडळाची दोन्ही सभागृहे वस्तीच्या किंवा संपत्तीच्या प्रमाणात भरावीत. लहान संस्थानांना हे आपले मरणच वाटले. डेलावेअरच्या प्रतिनिधींना तर समान मताचा हक्क सोडू नये अशी लेखी ताकीदच होती, आणि त्यांच्यापैकी गनिंग बेडफर्ड यांनी, प्रसंगी आम्ही परकीय मित्र शोधू, अशी धमकी देण्यापर्यंत मजल नेली. न्यू जर्सीचे विल्यम पॅटरसन यांनी उलट योजना आणली: एकच सभागृह आणि जुन्याप्रमाणे संस्थानागणिक एक मत. आठवड्यामागून आठवडे गेले. अखेर १६ जुलै रोजी तडजोड संमत झाली ती अशी की खालच्या सभागृहात वस्तीच्या प्रमाणात प्रतिनिधी असावेत आणि सिनेटमध्ये प्रत्येक संस्थानाला सारखी मते असावीत. बाजूने पाच, विरुद्ध चार. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी दुभंगलेले, न्यूयॉर्कचे दोघे रागावून आधीच घरी गेलेले, न्यू हॅम्पशरचे अद्याप पोहोचावयाचे. परिषदेतील मतदानही संस्थानागणिक एकच होते, त्यामुळे हजर असलेल्यांपैकी वस्तीने मोठी असलेली दोन संस्थाने, व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हानिया, हरणाऱ्या बाजूस पडली. म्हणजे ज्या पद्धतीविषयी भांडण होते तिनेच भांडणाचा निकाल लावला.

या निर्णयाचे वजन मराठी वाचकाला घरच्या उदाहरणाने चटकन जाणवेल. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राचे एकोणीस सभासद आणि गोव्याचा एक. सिनेटचा दंडक आपण उचलला असता तर दोघांचे सभासद सारखे झाले असते. एवढ्यावरही लहान संस्थानांचे समाधान झाले नाही. ज्या कलमात घटनादुरुस्तीची रीत सांगितली आहे, त्यातच, कोणत्याही संस्थानाचा सिनेटमधील समान हक्क त्याच्या स्वतःच्या संमतीवाचून काढून घेता येणार नाही, असे त्यांनी घालून घेतले. पुढे घटनेला सर्वांआधी, ७ डिसेंबर १७८७ रोजी आणि एकमताने मान्यता दिली ती त्याच डेलावेअरने!

खालचे सभागृह वस्तीवर ठरले खरे, पण वस्ती म्हणजे कोण? दक्षिणेतील लाखो गुलामांना मोजावयाचे की नाही? या वादाला एक जुने दप्तर होते. १७८३ साली कराचा वाटा वस्तीवर ठरविण्याची योजना निघाली, तेव्हा आमचे गुलाम कमी धरा असे दक्षिणेचे म्हणणे होते आणि अधिक धरा असे उत्तरेचे. घासाघीस होऊन पाच गुलाम तीन माणसांबरोबर धरावेत असे ठरले. ती योजना सर्वसंमतीअभावी गेली, अपूर्णांक तेवढा मागे राहिला. १७८७ मध्ये प्रश्न कराबरोबर सत्तेचाही झाला, आणि दोन्ही बाजूंनी निःसंकोचपणे जागा बदलल्या: दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी गुलामांना पुरतेपणी मोजा म्हणू लागले. पॅटरसन यांनी विचारले की ज्यांना त्यांच्या स्वतःच्या संस्थानातच प्रतिनिधित्व नाही त्यांना राष्ट्रात कसले? गव्हर्नीर मॉरिस यांचा सवाल याहून झोंबणारा होता: ही माणसे असतील तर त्यांना नागरिक करून मत द्या, आणि मालमत्ता असतील तर दुसरी कोणतीच मालमत्ता का मोजत नाही? याला उत्तर कोणापाशीच नव्हते. तीन-पंचमांश कायम झाले. घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कोठेही येऊ दिलेला नाही. तेथे ‘इतर व्यक्ती’ आहेत. ज्या शब्दाची लाज वाटते पण ज्या वस्तूची वाटत नाही, अशा वस्तूसाठी कायद्याचे मसुदे करणारे नेहमीच असे सोवळे शब्द शोधून काढतात. जे मूळ रहिवासी कर देत नव्हते, ते तर मोजणीच्या बाहेरच राहिले.

या अपूर्णांकाची फळे दूरवर गेली. राष्ट्राध्यक्ष कोणी निवडावा याविषयी परिषद वारंवार मत बदलीत राहिली. थेट लोकांनी निवडावा तर दक्षिणेचे गुलाम मत देऊ शकत नाहीत, हा त्या भागाचा तोटा खुद्द मॅडिसन यांनी बोलून दाखविला. आणि सप्टेंबरात जे निर्वाचकमंडळ ठरले त्यात प्रत्येक संस्थानाचे निर्वाचक त्याच्या दोन्ही सभागृहांतील सभासदांच्या बेरजेइतके असल्यामुळे गुलामांची तीन-पंचमांश वस्ती राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही आपोआप जमा झाली. पहिल्या छत्तीस वर्षांपैकी बत्तीस वर्षे व्हर्जिनियाचेच गृहस्थ त्या पदावर होते. वॉशिंग्टन यांच्या लोकप्रियतेचा यात वाटा होता हे उघड आहे. पण सारेच श्रेय लोकप्रियतेला देणे भोळेपणाचे ठरेल.

नऊ संस्थानांची मान्यता पुरे, असे घटनेनेच ठरविले होते आणि जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशरने ती संख्या भरली. ऱ्होड आयलंडला मात्र १७९० उजाडले, आणि तेव्हाही ठराव चौतीस विरुद्ध बत्तीस असा जेमतेम तरला. नागरिकांच्या हक्कांची सनद नाही हा आक्षेप मोठा होता, म्हणून पहिल्याच काँग्रेसने बारा दुरुस्त्या सुचविल्या. त्यांपैकी दहा १७९१ मध्ये संमत होऊन हक्कांची सनद म्हणून गाजल्या. यादीतली पहिली दुरुस्ती किती वस्तीमागे एक प्रतिनिधी याविषयीचीच होती. ती आजतागायत संमत झालेली नाही.

१७९० च्या पहिल्या खानेसुमारीत सुमारे एकोणचाळीस लाख माणसे भरली आणि त्यांत सुमारे सात लाख गुलाम होते. तीन-पंचमांशाचा हिशेब मोडण्यास पाऊणशे वर्षांनी एक यादवी युद्ध लागले. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने माणूस पुरा मोजावा असे ठरले. त्यानंतर पाचच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना दास्यातून सोडविल्याबद्दल, अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले.

मॅडिसन यांचा विचार दुरुस्त्या मूळ मजकुरातच गुंफाव्यात असा होता. कनेक्टिकटचे रॉजर शर्मन यांनी मूळ लेख तसाच राहू द्या, नवे ते शेवटी जोडा, असा आग्रह धरला आणि तोच टिकला. त्यामुळे त्या पहिल्या चर्मपत्रावर, खरवडून लिहिलेल्या ‘तीस’च्या किंचित वर, त्याच परिच्छेदात, ‘इतर व्यक्तीं’चे तीन-पंचमांश शॅलसच्या वळणदार अक्षरात अजून तसेच आहेत.