संगणक घ्यावा, पण गाय विकू नये

मृगापूर्वी मातीचे नमुने घेण्यासाठी एका कोरडवाहू गावी गेलो असता एका शेतकरी बंधूंनी बाजूस बोलावून सल्ला विचारला. त्यांची थोरली मुलगी तालुक्याच्या तंत्रनिकेतनात शिकत होती व तिला संगणकाची निकड होती. पूर्वी थकलेले पीककर्ज त्यांनी उशिरा का होईना फेडले होते. तरी पत ठीक नाही म्हणून बँकेने नवे कर्ज नाकारले. दारची दुभती गाय विकावी, की दुकानातून हप्त्यावर संगणक घ्यावा, असा त्यांच्यापुढे पेच होता. असा पेच अनेक घरी पडतो, म्हणून त्याचा विचार येथे मांडला आहे.

गाय विकल्यास संगणक येईल. परंतु रोजचे दूध जाईल आणि शेणखतही जाईल. उत्पन्नाचे साधन विकून खर्चाची वस्तू घेणे हा तोट्याचा व्यवहार होय.

आता हप्त्याचा हिशेब पाहू. समजा, 24,000 रुपये एका वर्षासाठी शेकडा 12 दराने घेतले आणि व्याज संपूर्ण मुद्दलावर आकारले, तर 2,240 रुपयांचे बारा हप्ते पडतात. मुद्दल दरमहा फिटत असते, व्याज मात्र पहिल्या रकमेवरच चालू राहते. म्हणून खरा दर शेकडा 21 च्या वर जातो. व्याज शून्य असे सांगितले, तरी ते किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असू शकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणाऱ्या बँकेने अथवा वित्तसंस्थेने खरा वार्षिक दर दाखविणारे माहितीपत्रक कर्जदारास द्यावयाचे असते. ते वाचल्यावाचून सही करू नये.

मग मार्ग कोणता? प्रथम गरज ठरवावी. टंकलेखन, हिशेब व अभ्यास यांसाठी दुरुस्त करून विकलेला जुना संगणक बहुधा पुरतो. घेताना पडदा, कळफलक व बॅटरी स्वतः चालवून पाहावी, पक्की पावती व लेखी हमी घ्यावी. विंडोज 10 प्रणालीचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. म्हणून संगणक विंडोज 11 चालविण्याजोगा आहे काय, हे विचारावे. अभ्यासक्रमाची कामे लिनक्सवर होत असतील, तर ती प्रणाली विनामूल्य मिळते.

या बंधूंना दर दहा दिवसांनी दुधाचे बिल मिळते. प्रत्येक बिलातून 700 रुपये बाजूस ठेवल्यास महिन्यास 2,100 व सहा महिन्यांत 12,600 रुपये जमतात. तोवर मुलीने तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतील संगणक वापरावा. घरच्या महिला बचत गटाच्या सभासद असतील, तर उणी पडणारी रक्कम गटातून रास्त व्याजाने मिळू शकेल.

पत सुधारण्याचे कामही त्याच वेळी सुरू करावे. देशातील चार पतमाहिती कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यातील पतगुणांक 300 ते 900 असा असतो. फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल, तर बँकेचा बेबाकी दाखला जोडून तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसास 100 रुपये भरपाईची तरतूद आहे. दुसऱ्यास जामीन राहिलेले कर्ज थकले, तरी आपली पत बिघडते, याचेही भान असावे.

त्या बंधूंचा अहवाल काढला, तेव्हा फेडलेले पीककर्ज त्यात थकीतच दिसत होते. दाखला जोडून तक्रार पाठविली आणि गाय विकण्याचा बेत त्यांनी सोडून दिला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील अशा कुटुंबांना अहवाल काढून वाचून दाखवावा. खत-बियाण्यांच्या सल्ल्याइतकीच ही सेवाही मोलाची आहे. कारण पुढील हंगामाचे पीककर्ज याच पतीवर अवलंबून असते.